सहल, शैक्षणिक

पाठ्यक्रमाशी निगडित असलेली स्थळे, वस्तू, उद्योग व लोकजीवन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळावे, या हेतूने शाळेने शिक्षकांच्या देखरेखीखाली आखलेला प्रवास म्हणजे शैक्षणिक सहल होय. वनभोजन, यात्रा आणि पर्यटन यांच्याशी तिचे साम्य असले, तरी पूर्वनियोजित अभ्यासहेतू हे तिचे वेगळे लक्षण होय. किल्ला, लेणी, धरण, कारखाना, संग्रहालय ही तिची परंपरागत ठिकाणे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांत करमणूक उद्यानांची भर पडली असून आकाशपाळणे, घसरगुंड्या व जलक्रीडा यांनी युक्त अशा उद्यानातील सहलीस शैक्षणिक म्हणता येईल काय, हा प्रश्न शिक्षक व पालक यांच्यापुढे वारंवार उभा राहतो. मोठे करमणूक उद्यान ज्या जिल्ह्याच्या जवळपास नाही, तेथे हा प्रश्न खर्च, अंतर व सुरक्षितता यांच्याशी जोडला जातो. या दृष्टीने जालना जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे.

शैक्षणिक विचारांची पार्श्वभूमी : पुस्तकाआधी वस्तू आणि शब्दाआधी अनुभव, हा विचार झां झाक रूसोने एमिल (१७६२) या ग्रंथात आग्रहाने मांडला. पेस्टालोत्सी याने निरीक्षणास अध्यापनाचा पाया मानले, तर जॉन ड्यूई याने १८९६ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेत कृती व परिसर यांना पाठ्यपुस्तकाच्या बरोबरीचे स्थान दिले. भारतात रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतन येथे १९०१ साली उघड्यावरील शाळा सुरू केली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ नंतर आकारास आलेल्या नयी तालीम पद्धतीत परिसर व उत्पादक श्रम हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मुले शाळेत येऊ शकत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे, हे तत्त्व त्यांमागे होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (२००५) याने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर भर दिला; राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) याने इयत्ता सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवसांची कल्पना पुढे आणली. या सर्व विचारांत एक सूत्र समान आहे : स्थळ आपोआप शिकवीत नाही; तेथे मुलाने काय पाहावयाचे व कशाचा शोध घ्यावयाचा, हे आधी ठरलेले असेल तरच ते शिकविते.

करमणूक उद्यानांचा उगम : यंत्राच्या पाळण्यात बसण्याची हौस नवी नाही. कोपनहेगन येथील टिव्होली हे उद्यान १८४३ साली खुले झाले. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस या अभियंत्याने सु. ८० मी. उंचीचा प्रचंड आकाशपाळणा उभारला. इंग्रजीत अशा पाळण्यास आजही त्याचेच नाव आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले आणि एका कल्पनाविश्वाभोवती रचलेल्या उद्यानांची प्रथा पडली. भारतात दिल्लीचे अप्पूघर (१९८४–२००८) व मुंबईनजीक गोराई येथील एस्सेल वर्ल्ड (१९८९–२०२२) ही या प्रकारातील आरंभीची प्रसिद्ध उद्याने होत. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे उद्यान सुरू झाले आणि राज्यातील शाळांच्या सहलींचे ते एक प्रमुख ठिकाण बनले.

ग्रामीण मराठवाड्यातील मुलांना मात्र यातील बरीच यंत्रे जत्रेमुळे आधीच परिचित असतात. भोकरदन तालुक्यातील राजूर येथील गणपतीच्या दर्शनासाठी अंगारकी चतुर्थीस मोठी गर्दी लोटते. अशा जत्रांतून आकाशपाळणा, टोराटोरा व मौत का कुआँ हे खेळ गावोगाव फिरत असतात. म्हणून करमणूक उद्यान ही जत्रेचीच कायमस्वरूपी, कुंपणाआतील व तिकिटाची आवृत्ती आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला. त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके असून दक्षिणेस गोदावरी नदीची सीमा आहे. सहलीयोग्य स्थळांची जिल्ह्यात उणीव नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगराचा उल्लेख येतो. १९७३ साली तेथे झालेल्या उत्खननाने त्याचा सातवाहनकालीन व्यापार उजेडात आला. तेथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य आढळते. असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौज व शिंदे-भोसले यांची फौज यांच्यात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील निर्णायक लढाई झाली. घनसावंगी तालुक्यातील जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. अन्वा येथील प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर, जालना शहरास पाणी पुरविणारा घाणेवाडी जलाशय, शहरातील बियाणे व पोलाद उद्योग आणि परिसरातील मोसंबीच्या बागा यांतून इतिहास, भूगोल, विज्ञान व अर्थव्यवहार या विषयांचे धडे प्रत्यक्ष घेता येतात. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लोणारचे उल्काघाताने बनलेले विवर, सिंदखेडराजा, देवगिरी, वेरूळ, अजिंठा व पैठण ही स्थळे एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत.

एवढे असूनही विद्यार्थ्यांना सहलीचे ठिकाण विचारले असता ते पुष्कळदा करमणूक उद्यानाचे नाव घेतात. यात गैर काही नाही. आनंद हा सहलीचा दोष नसून तिचे बळ आहे. परंतु जालन्याहून खोपोली परिसर सु. ३५० ते ४०० किमी. दूर आहे. ताशी ४५ किमी. या सरासरी वेगाने बसला एका बाजूस सु. आठ ते नऊ तास लागतात. उद्यानातील सहा तासांसाठी मुलांना सोळा ते अठरा तास गाडीत बसावे लागते आणि वेळ वाचविण्यासाठी रात्रीचा प्रवास केला जातो. झोप न झालेली मुले, थकलेले शिक्षक व दमलेला चालक या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी एकत्र येणे हा अशा सहलीतील सर्वांत मोठा व सर्वांत दुर्लक्षित धोका होय. लांबचे उद्यान निवडावयाचेच असेल, तर मुक्कामाची सहल आखणे, गाडीत दुसरा चालक ठेवणे व परतीचा प्रवास दिवसाउजेडी करणे अपरिहार्य ठरते. अन्यथा नजीकच्या शहरातील लहान उद्यान आणि एखादे ऐतिहासिक स्थळ यांची सांगड घालणे श्रेयस्कर. जालन्याहून सकाळी सहा वाजता निघालेली गाडी देवगिरी किल्ला पाहून, दुपारचे तीन तास छत्रपती संभाजीनगर परिसरातील उद्यानात घालवून रात्र पडण्याच्या सुमारास परत येऊ शकते.

उद्यानातील अभ्यास : करमणूक उद्यान ही गतिशास्त्राची खुली प्रयोगशाळा आहे. अमेरिकेतील अनेक उद्यानांत शाळांसाठी भौतिकीचा खास दिवस पाळला जातो. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नसते. घड्याळ, दोरी, मोजपट्टी व वही पुरेशी होते. उदा., २० मी. व्यासाचा आकाशपाळणा ३० सेकंदांत एक फेरी पूर्ण करीत असल्यास त्याचा परिघ सु. ६३ मी. व कडेचा वेग सेकंदास सु. २·१ मी. येतो. वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले असता केंद्राभिमुख प्रवेग सेकंदवर्गास सु. ०·४४ मी. मिळतो, हा गुरुत्वीय प्रवेगाचा सु. बाविसावा भाग होय. म्हणून ४० किग्रॅ. वजनाच्या मुलास पाळण्याच्या तळाशी आपले वजन सु. दोन किग्रॅ. वाढल्यासारखे व माथ्यावर तेवढेच घटल्यासारखे वाटते. वर जाताच पोटात गोळा येण्याच्या अनुभवाचे मूळ या हिशोबात आहे. मौत का कुआँ या खेळातील मोटारसायकलस्वार उभ्या भिंतीवरून का पडत नाही, याचे उत्तरही येथेच सापडते : वेग जितका अधिक, तितका भिंतीचा दाब अधिक आणि त्यामुळे चाकांना मिळणारे घर्षण अधिक.

उंच पाळण्याची उंची सावलीवरून काढता येते. दीड मी. उंचीच्या मुलाची सावली एक मी. पडत असताना पाळण्याची सावली १४ मी. भरली, तर त्याची उंची २१ मी. होय. मात्र दोन्ही सावल्या एकाच वेळी व सपाट जमिनीवर मोजावयास हव्यात. रांगेतही गणित दडलेले असते. १६ आसनांच्या खेळास चढ-उतारासह पाच मिनिटे लागत असतील, तर तासाला १९२ जणांची पाळी येते. पुढे ९६ जण उभे असल्यास अर्धा तास थांबावे लागणार, हे मुलांना आधीच सांगता येते. पाळण्यात बसण्यापूर्वीचे व उतरल्यानंतरचे नाडीचे ठोके मोजणे, हा शरीरशास्त्राचा सोपा पाठ होय.

जलक्रीडेच्या उद्यानात जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना विशेष अर्थपूर्ण असा एक प्रश्न विचारता येतो : हे पाणी कोठून येते व कोठे जाते? मराठवाड्यातील २०१२–१३ च्या दुष्काळाची झळ या जिल्ह्यास तीव्रतेने बसली होती आणि टँकरच्या पाण्यासाठी रांगा लावणे येथील कुटुंबांना अपरिचित नाही. वीस मी. लांब, दहा मी. रुंद व एक मी. खोल अशा तलावात दोन लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे वीस टँकर म्हणजे एवढे पाणी. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने धरलेल्या दरडोई ५५ लिटर या दैनिक प्रमाणानुसार ते सु. ३,६०० लोकांना एक दिवस पुरेल. तलावातील पाणी गाळून, निर्जंतुक करून पुन्हा वापरले जाते काय, बाष्पीभवनाने किती घटते, याची चौकशी उद्यानाच्या तंत्रज्ञांकडे मुलांनीच करावी. अशा चौकशीतून खेळाचा आनंद ओसरत नाही. त्यास जाणिवेची जोड मिळते.

आर्थिक बाजू : सहलीच्या खर्चात प्रवास, प्रवेशशुल्क, भोजन व आकस्मिक निधी या बाबी येतात. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या शैक्षणिक सहलींना निम्म्या भाड्याच्या सवलतीत मिळतात. खासगी गाडी घ्यावयाची झाल्यास योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना व चालकाचा अनुज्ञापत्र यांची तपासणी करावी लागते. शाळेच्या गटास उद्यानाकडून सवलत मिळू शकते. तथापि एकूण खर्चात प्रवेशशुल्काचा वाटा मोठाच राहतो.

खरा प्रश्न पैसे भरू न शकणाऱ्या मुलांचा आहे. ५० विद्यार्थ्यांच्या वर्गात आठ जणांना वर्गणी देणे अशक्य असेल व त्यांचा भार इतरांवर टाकावयाचा असेल, तर उरलेल्या ४२ जणांची वर्गणी सु. १९ टक्क्यांनी वाढते. या वाढीमुळे आणखी काही मुले गळतात आणि सहल वर्गाची न राहता ऐपत असलेल्यांची होते. शिवाय दिवाळीनंतर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. सहलींचा हंगाम नेमका डिसेंबर-जानेवारीचा असल्याने, जी मुले आजी-आजोबांकडे मागे राहिलेली असतात, त्यांचे संमतिपत्र व वर्गणी या दोन्ही गोष्टी अडतात. जी मुले आईवडिलांबरोबर फडावर गेलेली असतात, त्यांचा तर विचारही होत नाही. यावर तीन उपाय संभवतात : वर्गणी वर्षारंभापासून लहान हप्त्यांत गोळा करणे, शाळा व्यवस्थापन समिती, माजी विद्यार्थी वा ग्रामपंचायत यांच्याकडून गुप्तपणे साहाय्य मिळविणे, आणि ठिकाणच असे निवडणे, की ज्यास वर्गातील सर्वांत गरीब मूलही येऊ शकेल. यांपैकी तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा होय. कोणते मूल साहाय्यावर आले, हे वर्गात उघड होता कामा नये. तसेच सहलीस न येणाऱ्या मुलावर सक्ती वा त्याची अवहेलना होऊ नये. त्या दिवशी त्याच्यासाठी शाळेत वेगळा, आनंददायी कार्यक्रम असावा.

सुरक्षितता : सहलीतील अपघातांचा अलीकडील इतिहास दुःखद आहे. जून २०१४ मध्ये हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी हिमाचल प्रदेशातील बियास नदीत धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोदे येथील हरणी तलावात शाळेच्या सहलीतील मुलांची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक लोक बसविले होते आणि सर्वांना जीवरक्षक जाकिटे दिलेली नव्हती. या तिन्ही घटनांत स्थळ मनोरंजनाचे होते व सोबत जबाबदार माणसेही होती. उणीव होती ती धोक्याची पूर्वपाहणी व वेळीच नकार देण्याचा अधिकार यांची. नावेत वा पाळण्यात किती मुले बसवावयाची, याचा अंतिम निर्णय केवळ चालकावर न सोपविता सोबतच्या शिक्षकाने आसने मोजून घेतला पाहिजे आणि शंका येताच मुलांना उतरविण्याची मुभा त्यास शाळेने आधीच दिलेली असली पाहिजे.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने सहलींविषयी सविस्तर सूचना दिल्या. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पालकांचे लेखी संमतिपत्र आणि समुद्रकिनारे, नदी, तलाव, विहिरी व उंच टेकड्या यांसारखी जोखमीची ठिकाणे टाळणे, या त्यांतील प्रमुख बाबी होत. जलक्रीडेचे उद्यान निवडण्यापूर्वी प्रचलित सूचनांत त्यास मुभा आहे किंवा नाही, हे मुख्याध्यापकांनी शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी जाणून घेणे इष्ट होय.

प्रत्यक्ष व्यवस्थेत पुढील गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. दोन शिक्षकांनी सहलीपूर्वी उद्यानास भेट देऊन प्रथमोपचार कक्ष, जवळचे रुग्णालय, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व सर्वांनी जमावयाची जागा पाहून ठेवावी. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण योग्य समजले जाते. मुली असल्यास शिक्षिका सोबत असणे आवश्यक आहे. हृदयविकार, दमा, अपस्मार असलेल्या मुलांची नोंद पालकांकडून आधी घ्यावी व त्यांना वेगवान खेळांपासून दूर ठेवावे. उंचीची अट ही अपमानाची नसून सुरक्षापट्टा अंगाला घट्ट बसावा म्हणून असते, हे मुलांना समजावून सांगावे. फिरत्या यंत्रांजवळ ओढणी, मफलर व मोकळे लांब केस धोकादायक ठरतात. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येकास जोडीदार द्यावा आणि गाडीत चढताना, उतरताना व दर दोन तासांनी नावे घेऊन हजेरी घ्यावी. नुसती डोकी मोजल्यास दुसऱ्या शाळेचे मूल आपल्या गटात गणले जाण्याचा संभव असतो.

पूर्वतयारी व अनुधावन : सहलीचे पूर्वतयारी, प्रत्यक्ष भेट व अनुधावन असे तीन टप्पे मानले जातात. पूर्वतयारीत नकाशावर मार्ग आखणे, अंतर व वेळ काढणे, खर्चाचा अंदाज करणे आणि प्रत्येक गटास तीन-चार प्रश्न नेमून देणे ही कामे विद्यार्थ्यांकडे सोपविता येतात. उद्यान व्यवस्थापनास परवानगीचे व सवलतीचे पत्र लिहिणे हा भाषेच्या तासाचा खराखुरा स्वाध्याय ठरतो. प्रत्यक्ष भेटीत पहिला तास निरीक्षणासाठी राखून उरलेला वेळ मनमोकळ्या खेळासाठी ठेवावा. दिवसभर वह्या भरून घेतल्यास मुलांचा विरस होतो व नोंदीही यांत्रिक होतात. परतल्यावर आठवडाभरात मोजमापांचे तक्ते, आलेख, वृत्तान्त व जमाखर्च वर्गात मांडावा. जमाखर्च मुलांसमोर वाचून दाखविल्याने हिशोबाचे शिक्षण होते, पालकांचा विश्वास वाढतो आणि शिल्लक रक्कम पुढील वर्षीच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याचा निर्णय मुलांना स्वतःच घेता येतो.

शैक्षणिक सहलीचे मूल्यमापन ठिकाणाच्या कीर्तीवरून न करता तीन कसोट्यांवर करणे योग्य ठरते : वर्गातील किती मुले जाऊ शकली, सर्व मुले सुखरूप परतली काय, आणि परतल्यावर त्यांनी कोणते नवे प्रश्न विचारले. या कसोट्यांना उतरणारी राजूरच्या जत्रेतील आकाशपाळण्यापर्यंतची अर्ध्या दिवसाची सहलही शैक्षणिक ठरते. त्यांना न उतरणारी वेरूळची सहलदेखील केवळ प्रवास होय.